सायकल चालते, पाय चालत नाहीत: एका गुरुजींच्या मणक्याचं प्रकरण

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. शस्त्रक्रिया माझा विषय नाही. पण पेशंट आधी माझ्याकडे येतो, मोठ्या डॉक्टरांकडून परतल्यावरही माझ्याकडेच येतो आणि मधल्या काळातले बरेचसे निर्णय माझ्यासमोरच्या बाकावर बसून घेतले जातात. म्हणून हे प्रकरण मी माझ्या जागेवरून लिहितो आहे. गुरुजींची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम जसाच्या तसा आहे.

पार्श्वभूमी

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७६. मधुमेह १९ वर्षांचा, बीपीची गोळी चालू, २०१९ मध्ये हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवलेला. दोन्ही कानांना यंत्र. घरात ते आणि काकू. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी जवळच्याच गावात दिलेली. शेत गावापासून दीड किलोमीटरवर, वाट्याने लावलेलं, तरी रोज एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. सकाळी डेअरी, मग वाचनालय, संध्याकाळी पिंपळाचा पार असा दिवस ठरलेला.

जून २०२२ मध्ये ते आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "डॉक्टरसाहेब, गुडघे गेले माझे."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो. गुडघ्यांचे एक्स-रे काढले, त्यात ७६ वर्षांच्या माणसाला असते तेवढी झीज होती. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४ असल्यामुळे मूत्रपिंडावर ताण आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळल्या. पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीचे व्यायाम दिले. ऑक्टोबरमध्ये ते तळपायाला मुंग्या येतात, पोटऱ्या भरून येतात म्हणाले. १९ वर्षांचा मधुमेह समोर होता, मी मधुमेही न्यूरोपथी, म्हणजे मधुमेहाने नसा खराब होणं, धरली आणि रात्री नसांच्या दुखण्यावरची गोळी, प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम, सुरू केली. नोव्हेंबरमध्ये गुण नाही म्हणून ती दिवसातून दोनदा केली.

डिसेंबरमध्ये पहाटे तीनला लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्याजवळ पडले. मनगट सुजलं, कपाळाला तीन टाके पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. मूत्रपिंडाचं काम कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी त्या गोळीचा डोस वाढवला होता आणि गुंगीबद्दल काकूंना काही सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

निदान कसं झालं

फेब्रुवारी २०२३ मधली एक सकाळ. दवाखान्याच्या खिडकीतून मला गुरुजी येताना दिसले, सायकलवरून. कडुनिंबाला सायकल टेकवली आणि तिथून पायऱ्यांपर्यंतचं वीस-पंचवीस पावलांचं अंतर चालताना मध्येच समोरच्या घराच्या ओट्यावर बसले. गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढे वाकून. दोन मिनिटांनी उठले आणि व्यवस्थित आत आले.

"शेतावरनं येतोय. तिथं उभं राहून पाटाचं पाणी बघितलं अर्धा तास, पाय भरलेत."

दीड किलोमीटर सायकल मारताना काही झालं नव्हतं. उभं राहिल्यावर आणि चालल्यावर मात्र पाय चालेनात. गुडघा दुखणारा माणूस पायडल मारताना कुरकुरतो. न्यूरोपथीच्या मुंग्या रात्री अंथरुणातही छळतात, बसल्यावर दोन मिनिटांत पळून जात नाहीत. आठ महिने मी जे विचारायला हवं होतं ते त्या दिवशी विचारलं. चालताना नेमकं काय होतं? कंबरेपासून खाली जड होत जातं, पोटऱ्यांत शिसं ओतल्यासारखं वाटतं. थांबून उभं राहिल्यावर बरं वाटतं का? नाही, बसावंच लागतं. बाजारात? काकूंची भाजीची ढकलगाडी हाताशी असली की तिच्यावर रेलून लांब जाता येतं.

मग मी त्यांच्याबरोबर रस्त्यावर चाललो. दवाखान्यातले पेशंट थांबले होते, पण त्या दहा मिनिटांनी जे कळलं ते कोणत्याही मशीनने सांगितलं नसतं. १४० पावलांवर ते पुढे झुकू लागले, १८० वर थांबले. लगेच तपासलं तर डाव्या पायाचा अंगठा वर उचलायची ताकद उजव्यापेक्षा कमी होती. बसून पाच मिनिटं झाल्यावर ती थोडी सुधारली, पूर्ण नाही.

कण्याच्या आत चेतातंतूंसाठी एक नळी असते. वयानुसार गादी बसते, मागचे छोटे सांधे जाडावतात आणि मणक्यांना मागून जोडणारं पिवळं लिगामेंट फुगून नळीत शिरतं. उभं राहिलं की कंबरेला मागे बाक येतो, लिगामेंटची घडी आत पडते, नळी आणखी आवळते आणि चालताना नसांना पुरेसं रक्त मिळत नाही. पुढे वाकलं की तीच नळी मोकळी होते. सायकलवर माणूस पुढे वाकलेलाच असतो. नेदरलँड्सचे न्यूरोसर्जन हेंक व्हर्बिस्ट यांनी हा आजार १९५४ मध्ये नीट मांडला. तो लंबर कॅनाल स्टेनोसिस, म्हणजे कंबरेतली नळी अरुंद होणं.

मात्र गुरुजींना स्टेंट होता, म्हणजे पायांच्या धमन्याही तुंबलेल्या असू शकत होत्या. तिथेही चालल्यावर पोटऱ्या दुखतात, पण नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो आणि सायकल मारतानाही दुखतं. पावलांवरची नाडी हाताला लागत होती. तरी शहरात पाठवून धमन्यांची डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतली. रक्तपुरवठा ठीक निघाला. बी१२ जीवनसत्त्व तपासलं तर कमी, १६८, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीचा बऱ्याच वर्षांचा परिणाम. त्याची इंजेक्शनं सुरू केली. मानही तपासली, कारण कंबरेत नळी अरुंद असलेल्या काही जणांना मानेतही तेच असतं आणि ते सुटलं तर महागात पडतं. सदऱ्याची बटणं लावायला सांगितली, एका रेषेत चालायला लावलं, प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या. मानेकडून काही नव्हतं.

मार्चमध्ये एमआरआय झाला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये नळी खूपच अरुंद, तिसऱ्या-चौथ्यामध्ये मध्यम. शिवाय चौथा मणका पाचव्यावर किंचित पुढे सरकलेला, पहिल्या म्हणजे सगळ्यात सौम्य दर्जाचा. रिपोर्ट दोन पानी होता आणि प्रत्येक मणक्यावर काही ना काही लिहिलेलं होतं. मुलाने फोन केला तेव्हा आवाज कापत होता, "डॉक्टर, अण्णांच्या सगळ्याच मणक्यांत गॅप आहे का?"

"गॅप" या शब्दाने आपल्याकडे जेवढी घाबरवाघाबरव झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या शब्दाने झाली असेल. मी त्याला १९९० च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कंबरेची काहीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या साठीपुढच्या लोकांपैकी २१ टक्क्यांच्या फिल्मवर स्टेनोसिस दिसला. फिल्मवरचा सगळा बिघाड दुरुस्त करायचा नसतो. अण्णांना १८० पावलांवर कोण थांबवतं, एवढंच शोधायचं. अंगठ्याची ताकद पाचव्या कंबरेच्या नसेकडून येते आणि ती चौथ्या-पाचव्या मणक्यामध्येच दबते. लक्षण आणि चित्र एका जागी जुळत होतं.

पहिला निर्णय: थांबायचं की नाही

लघवीवर ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पाऊल झपाट्याने लुळं पडणं, यातलं काही असतं तर त्याच रात्री शहरात पाठवलं असतं. तसं नव्हतं. ऑपरेशन न करताही अनेकांची अवस्था वर्षानुवर्षं आहे तशीच राहते, अचानक पांगळेपण फार क्वचित येतं. तेव्हा सहा आठवडे व्यायाम करून बघायचा असं ठरलं. फिजिओथेरपिस्टने पुढे वाकण्याचे आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम दिले, शिवाय रोज २० मिनिटं सायकल. कंबरेचा पट्टा कुणीतरी आणून दिला होता, तो बाजूला ठेवायला सांगितला.

गुरुजींना मी फक्त रोजची पावलं लिहायला सांगितली होती. पुढच्या वेळी ते शंभर पानी वही घेऊन आले. लाल शाईने रेघा मारलेल्या, चार रकाने: तारीख, पावले, कोठे बसलो, शेरा. आयुष्यभर हजेरीचा कॅटलॉग भरलेला हात. पुढच्या प्रत्येक निर्णयात या वहीचा मला एमआरआयपेक्षा जास्त उपयोग झाला. सहा आठवड्यांनी सरासरी १८० वरून २५० पावलांवर आली होती. फायदा होता, पण डेअरी ४०० पावलांवर आणि पार ७०० वर होता.

मेअखेरीला शहरात कण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. त्याआधी मी त्यांना जे माहीत होतं ते सांगितलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा स्टिरॉइड घातलेल्या आणि फक्त बधिरतेचं औषध दिलेल्या इंजेक्शनमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. तरी घरच्यांना एकदा करून बघायचं होतं आणि मीही अडवलं नाही. पहिले चार आठवडे पावलं ५०० च्या वर गेली. शुगर मात्र तीन दिवस ३४० च्या आसपास राहिली, इन्सुलिन द्यावं लागलं. जुलैच्या मध्याला वहीत पुन्हा २०० च्या आतले आकडे आले आणि शेऱ्यात एक नवी ओळ, "डावी चप्पल दोनदा निसटली." तपासलं तर अंगठा आणखी कमजोर झाला होता.

चप्पल निसटणं ही आमच्याकडची सगळ्यात विश्वासू चाचणी आहे. इथे वाट बघण्याचा काळ संपला.

दोन मतं

पहिल्या सर्जनने सुचवलं ते असं: दोन्ही पातळ्या उघडायच्या, नळी मोकळी करायची आणि तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत स्क्रू आणि रॉड टाकून मणके पक्के करायचे. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. मणका आधीच सरकलेला आहे, हाड काढलं तर आणखी सरकेल, आणि या वयात दुसऱ्यांदा भूल द्यायची वेळ येऊ नये. मोठं ऑपरेशन, चार-पाच तासांचं, रक्त चढवायची तयारी ठेवून.

काकू घरी येऊन म्हणाल्या, "ह्यांना असंच राहू द्या. मणक्याचं ऑपरेशन झालेलं माणूस उठून बसलेलं मी तरी बघितलं नाही." त्यांच्या माहेरच्या एका नातेवाइकाने पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर अंथरूण धरलं होतं. त्या भीतीला नुसतं "आता तसं नसतं" म्हणून भागत नाही. मी काकूंना त्या नातेवाइकाचं नेमकं काय झालं होतं ते विचारलं. तो क्षयाने मणका खचलेला पेशंट होता, आजारच वेगळा. हे उलगडून सांगितल्यावर त्या ऐकायला तयार झाल्या.

मुलाने पुण्यात दुसरं मत घेतलं. त्या सर्जनने आधी पुढे वाकून आणि मागे वाकून उभ्याने एक्स-रे काढायला लावले. आमच्यापैकी कुणी ते केलं नव्हतं, पहिल्या ठिकाणीही नाही. एमआरआय आडवं झोपवून काढतात, त्यात मणका हलतो की नाही हे दिसत नाही. गुरुजींचा मणका सरकलेला होता, पण दोन्ही एक्स-रेमध्ये फरक जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे सरकून तिथेच घट्ट बसलेला. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, कंबर जास्त दुखते की पाय?" गुरुजी म्हणाले, "कंबर दुखते, पण अडवतात पाय."

त्यांनी सुचवलं ते इतकंच: फक्त चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, एका बाजूने अडीच सेंटिमीटरचा छेद, त्यातून ऑपरेशनसाठीची एक नळी आत बसवायची आणि तिच्यातून मायक्रोस्कोपखाली दोन्ही बाजूंच्या नसा मोकळ्या करायच्या. स्क्रू नाही. वरच्या पातळीला हात लावायचा नाही.

मुलाच्या मनात साहजिकच आलं की हे अर्धवट तर होणार नाही? इथे मुलगा, सर्जन आणि मी असे आम्ही तिघं फोनवर तासभर बोललो. २०१६ मध्ये स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर चाचणी झाली होती. नुसती नळी मोकळी केलेल्यांच्या तुलनेत स्क्रूंनी मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. नॉर्वेत २०२१ मध्ये मणका सरकलेल्याच २६७ रुग्णांवर चाचणी झाली, त्यात ठरवलेल्या निकषावर दोन्ही गटांत १०० पैकी ७१ ते ७३ जण सुधारले. अमेरिकेतली २०१६ चीच एक छोटी चाचणी, ६६ रुग्णांची, जोडण्याच्या बाजूने काहीशी झुकते, तेही मुलाला सांगितलं. मणका खरोखर हलत असेल, पाठदुखीच मुख्य असेल, तर स्क्रूंची बाजू वजनदार होते. गुरुजींच्या बाबतीत तसं नव्हतं. दुर्बिणीतून म्हणजे एंडोस्कोपने करण्याचा आणि दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये आधार बसवण्याचाही पर्याय निघाला. आधाराबद्दल सर्जन स्वतःच उत्साही नव्हते, त्यात पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते म्हणाले. एंडोस्कोप की नळी, यावर त्यांचं उत्तर मला आवडलं: "मी ज्यात रोज हात चालवतो त्याने करतो."

लोकांना वाटतं "छोटं ऑपरेशन" म्हणजे छोटा टाका. फरक आतला असतो. पारंपरिक पद्धतीत मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवतात आणि मागचं हाड काढतात. नळीच्या पद्धतीत स्नायूंचे तंतू बाजूला सारत जाडी वाढवत नेलेल्या कांड्या घालतात आणि शेवटी दोन सेंटिमीटर व्यासाची नळी बसवतात. मधलं हाड, त्यावरचं लिगामेंट आणि पलीकडच्या बाजूचे स्नायू जागेवर राहतात. आणि सरकलेल्या मणक्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या गोष्टी याच. स्क्रू न टाकता भागेल का, याचं उत्तर बरंचसं इथे दडलेलं आहे.

तयारी

ऑगस्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.१ होतं. या आकड्यावर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून सर्जन थांबले. दुसरीकडे अंगठा कमजोर होत होता. किती थांबायचं? आम्ही तडजोड अशी केली: इन्सुलिन सुरू करून जास्तीत जास्त दहा आठवडे, आणि दर सोमवारी मी अंगठ्याची ताकद बघायची. टाचेवर चालता येईनासं झालं तर शुगर काहीही असो, जायचं. ती वेळ आली नाही. ऑक्टोबरअखेर ७.६ वर आलं. हृदयरोगतज्ज्ञांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिला आणि स्टेंटला चार वर्षं झाली असल्यामुळे रक्त गोठू न देणारी ॲस्पिरिनची गोळी सात दिवस आधी बंद करायला परवानगी दिली. कण्याच्या नळीत रक्ताची गुठळी झाली तर तिला पसरायला जागा नसते, ती थेट नसांवर दाब देते, म्हणून या गोळीचा निर्णय दोघा डॉक्टरांनी बोलून घ्यायचा असतो. घरच्यांनी आपल्या मनाने तो घ्यायचा नाही.

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. गुरुजी रात्री तीनदा लघवीला उठायचे. मी ते शुगरच्या खाती टाकलं होतं. प्रोस्टेटबद्दल, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीबद्दल, कुणीच विचारलं नाही.

ऑपरेशन आणि पहिले तीन दिवस

नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. पूर्ण भूल, एक तास ४० मिनिटं, रक्तस्राव साधारण ५० मिलिलिटर. डाव्या बाजूने आत जाऊन फुगलेलं लिगामेंट काढलं, सांध्याची आतली कड घासली आणि मग टेबल व नळी तिरकी करून मधल्या हाडाखालून पलीकडची बाजू मोकळी केली. नसांवरचं आवरण जाडावलेल्या लिगामेंटला चिकटलेलं असतं, या वयात ते फाटण्याचा धोका राहतो. तसं झालं नाही. संध्याकाळी गुरुजी वॉकर धरून दारापर्यंत गेले आणि पाय हलके वाटतात म्हणाले. मुलाने तो व्हिडिओ मला पाठवला.

रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. गुरुजी पलंगावर उठून बसले होते आणि हजेरी घेत होते. एकेक नाव मोठ्याने घ्यायचे, थांबायचे, बोटाने हवेत खूण करायचे. मुलाला ओळखत नव्हते. सलाइन ओढून काढलं होतं. मुलगा रडत म्हणाला, "अण्णांच्या मेंदूवर काही झालं का?"

याला डिलिरियम म्हणतात, मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत वारंवार दिसतो. भुलेचा परिणाम, झोपमोड, दुखण्यावरची ट्रॅमाडॉलसारखी औषधं आणि अनोळखी खोली मिळून तो येतो. पण गुरुजींच्या बाबतीत आणखी दोन कारणं होती. ऑपरेशनला नेताना त्यांची कानाची यंत्रं आणि चष्मा काढून कपाटात ठेवला होता आणि परत लावायचं राहिलं होतं. आणि कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, संध्याकाळी काढल्यापासून त्यांना लघवी झालेली नव्हती.

हा या प्रकरणातला सगळ्यात कठीण तास. मणक्याच्या ऑपरेशननंतर लघवी अडली की पहिली शंका येते ती कण्यात रक्त साचून नसा दबल्याची. तसं असेल तर तासाभरातही नुकसान होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरने सर्जनला उठवलं. त्यांनी येऊन पायांची ताकद, बसायच्या जागेची संवेदना आणि गुदद्वाराची पकड तपासली. सगळं शाबूत. सोनोग्राफीत मूत्राशयात ६५० मिलिलिटर लघवी आणि वाढलेली प्रोस्टेट दिसली. पुन्हा एमआरआय करायचा का? करायचं ठरलं असतं तर भ्रमातल्या माणसाला मशीनमध्ये शांत ठेवण्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागलं असतं, आणि मग पायांची ताकद तपासताच आली नसती. त्यांनी कॅथेटर घातला, दर दोन तासांनी पाय तपासायचे असं लिहिलं आणि एकाही तपासणीत फरक पडला तर तत्काळ एमआरआय, असं ठरवलं. ट्रॅमाडॉल बंद केलं.

पहाटे काकू आत गेल्या. त्यांनी आधी यंत्रं कानात घातली, मग चष्मा लावला, मग म्हणाल्या, "शाळा सुटली. झोपा आता." गुरुजी झोपले. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं, फक्त काकू इतक्या लवकर कशा आल्या एवढंच विचारत होते.

चौथ्या दिवशी कॅथेटरसह घरी पाठवलं, सोबत प्रोस्टेटची गोळी. ती गोळी उठल्यावर बीपी पाडते, म्हणून या वेळी मी काकूंना आधीच सांगून ठेवलं: पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवायचं, मग उठवायचं, रात्री मोरीचा दिवा चालू. आठवड्याने कॅथेटर काढला, लघवी व्यवस्थित झाली.

परिणाम

वही पुन्हा सुरू झाली. दोन आठवड्यांनी ६०० पावलं, सहा आठवड्यांनी सलग पारापर्यंत जाऊन परत. तीन महिन्यांनी शेतापर्यंत पायी, बांधावर एकदा बसून. वर्षाने, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, ते सलग दोन किलोमीटरच्या आसपास चालत होते. अंगठ्याची ताकद वाढली पण पूर्ण आली नाही. अनवाणी चालताना डावं पाऊल अजून किंचित घासतं. तळपायाच्या मुंग्या तशाच आहेत, कारण त्या मधुमेहाच्या आहेत आणि मणक्याने कधी दिलेल्याच नव्हत्या. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगितलं होतं म्हणून त्याची निराशा झाली नाही. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास आखडते. त्याचीही त्यांना कल्पना होती.

काय वेगळं करता आलं असतं

जून ते फेब्रुवारी हे आठ महिने मी गमावले. पेशंटने "गुडघे" म्हटलं आणि मी गुडघे बघितले. आता पायाची तक्रार घेऊन येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येकाला मी विचारतो की बसल्यावर बरं वाटतं का, आणि सायकल, ढकलगाडी, काठी यांवर रेलून जास्त चालता येतं का. दोन मिनिटं लागतात. शक्य असेल तर बाहेर चालवून बघतो.

इंजेक्शनच्या बाबतीत माझं मन अजून दोन्हीकडे आहे. त्याने सात आठवडे गेले आणि शुगर बिघडली. शुगर बिघडल्यामुळे ऑपरेशन लांबलं का, हे नक्की सांगता येणार नाही, पण एचबीए१सी ९.१ पर्यंत जायला त्याने थोडा तरी हातभार लावला असणार. दुसरीकडे, त्या चार आठवड्यांत पाय मोकळे झाल्यामुळेच नसा दबल्याचं निदान घरच्यांना पटलं आणि पुढचा निर्णय सोपा गेला. पुन्हा असा मधुमेही पेशंट आला तर मी इंजेक्शनचा आग्रह धरणार नाही, पण कुणाला हवं असेल तर नको म्हणणार नाही. आधी शुगरचा आठवडाभराचा बंदोबस्त मात्र करून ठेवीन.

वाकून काढायचे एक्स-रे एमआरआयच्या वेळीच करून घेतले असते तर पहिल्या मतातच स्क्रूंचा प्रश्न वेगळ्या रीतीने चर्चेला आला असता. पहिल्या सर्जनांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर मी पाठवलेली माहितीच अपुरी होती. पाठवणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीत "कंबर किती, पाय किती" हे लिहिलेलं असावं आणि मी ते लिहिलं नव्हतं.

रात्री तीनदा लघवीला उठणाऱ्या ७६ वर्षांच्या पुरुषाची प्रोस्टेट ऑपरेशनआधी बघायला हवी होती. साधी सोनोग्राफी आणि मूत्राशयात उरलेली लघवी, एवढ्याने ती रात्र कदाचित टळली असती. आणि कानाची यंत्रं. आता मी मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येक वृद्धाच्या नातेवाइकाला कागदावर तीन ओळी लिहून देतो: शुद्धीवर येताच यंत्र आणि चष्मा लावा, पहिल्या रात्री ओळखीचं माणूस जवळ बसू द्या, आठ तासांत लघवी झाली की नाही ते विचारा.

तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली पातळी अजून तशीच आहे. ती कधी त्रास देईल, देईल की नाही, हे फिल्म बघून कळणार नाही. त्यासाठी दरवर्षी एमआरआय काढायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. गुरुजी वही चालू ठेवणार आहेत, आता आठवड्यातून एकदाच, रविवारी. पावलं सलग तीन रविवार निम्म्यावर आली किंवा चप्पल पुन्हा निसटली, तर त्यांनी फोन करायचा.